खाडाखोडीचे गुण

मुंबईहून अहमदाबादेकडे निघालेला हमरस्ता वर्सोव्याच्या पुलावरून वसईची खाडी ओलांडतो, आणि पुढे जेथे कामणमार्गे भिवंडीच्या अंजूरफाट्याकडे जाणारा रस्ता त्याच्यापासून फुटतो, त्या चिंचोटीच्या नाक्यावर गेली काही वर्षे, पावसाळा ओसरू लागला की, पदव्युत्तर पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांची एक तुकडी घेऊन मी उतरत असतो. तुंगारेश्वराच्या डोंगरातला तेथला धबधबा प्रसिद्ध आहे. पोहण्याच्या उन्मादात तेथे माणसे बुडतात हेही प्रसिद्ध आहे, आणि पावसाळ्यात तेथे जाण्यास मनाई करणारे हुकूम निघतात व तरीही लोक जातात, हे तर सर्वांत प्रसिद्ध. डोंगर वनखात्याचा, गावठाणाचे दप्तर तलाठ्याकडे, रस्ते-दिवाबत्ती आणखी कोणाकडे, आणि प्रेत सापडले की पंचनामा पोलिसांचा. अशा ठिकाणची बातमी लिहिणे फार सोपे आणि खरी लिहिणे फार कठीण असते, म्हणून नवशिक्याची पारख करण्यास याहून चांगली जागा मला अद्याप आढळलेली नाही.

पारख हा शब्द मी सवयीने वापरला. आता त्याला ‘अध्ययन निष्पत्तींचे मूल्यमापन’ म्हणण्याचा शिरस्ता पडला आहे. विद्यार्थी काय शिकला, हे शिक्षकाच्या समाधानावर न सोडता पुराव्यानिशी दाखवावे, ही मूळ कल्पना निर्मळ आहे आणि तिला माझा विरोध नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांना वृत्तलेखनाचे धडे कोणी दिले नव्हते; त्यांच्यानंतर शतकभर आपल्याकडचा होतकरू पत्रकार मुद्रिते तपासता तपासता आणि संपादकाची बोलणी खाता खाता तयार होत असे. शिकलास की नाही, याचा निकाल दुसऱ्या दिवशीचा अंकच देई. अमेरिकेत जोसेफ पुलित्झरने १९०४ साली पत्रकारितेच्या महाविद्यालयाची कैफियत लेख लिहून मांडली, आणि १९१२ मध्ये कोलंबिया विद्यापीठात ते उघडले तेव्हा तो हयात नव्हता. आपल्या उपखंडात १९४१ साली लाहोरच्या पंजाब विद्यापीठात पृथ्वीपालसिंग यांनी असा वर्ग सुरू केला. पुण्याच्या विद्यापीठाचा विभाग, ज्याला सारे रानडे इन्स्टिट्यूट म्हणूनच ओळखतात, तो १९६४ चा. कारखान्यातली विद्या शाळेत आली की तिच्यामागून परीक्षा येणारच, आणि परीक्षेमागून तक्ता.

तक्त्याची रचना वाचकांना थोडक्यात सांगतो. प्रत्येक विषयाच्या चार-सहा निष्पत्ती आधी लिहून ठेवायच्या. त्यांतील क्रियापदे ब्लूमने १९५६ साली लावलेल्या ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण आणि मूल्यमापन या उतरंडीतून घ्यायची. प्रत्येक प्रश्नावर तो कोणत्या निष्पत्तीचा, याचा शिक्का मारायचा. किती विद्यार्थ्यांनी ठरलेल्या टक्केवारीची रेषा ओलांडली ते मोजायचे, आणि त्यावरून एक, दोन किंवा तीन अशी पातळी काढायची. सगळ्यांची सरासरी होऊन शेवटी २.३७ असा काहीसा आकडा हाती येतो. तो पाहिला की मला नेहमी वाटते, एवढ्या दशांश स्थळांपर्यंत शिकवण्याची ऐपत माझ्यात असती तर फार बरे झाले असते.

या पद्धतीच्या थट्टेत मी रमलो असतो, पण २०२४ च्या पावसाळ्यानंतरच्या फेरीत तक्त्यापेक्षा मोठी चूक माझ्याच हातून घडली. त्या वर्षीच्या तुकडीत एका मुलाची बातमी झगझगीत होती. ‘दरवर्षी वीस-पंचवीस जिवांची आहुती घेणारा’ अशा शब्दांनी ती सुरू झाली होती आणि पुढे एकाही ओळीत तिचा वेग उणावला नव्हता. एका मुलीची बातमी सपाट होती. वाक्ये आखूड, सुरुवात मनाईहुकुमाच्या तपशिलाने, आणि मन हलवील असे काही नाही. ‘परिणामकारक प्रारंभ’ या रकान्यात मी मुलाला पाचांपैकी पाच आणि मुलीला एक गुण दिला, आणि वीस गुणांच्या कामात तो सतरांवर व ती अकरांवर थांबली. गुणपत्रक दप्तरी दाखल झाले.

ती मुलगी आपली वही चहाच्या टपरीवर विसरून आली होती, आणि ती माझ्याकडे पोचली. कोणाची आहे हे पाहण्यासाठी मी ती चाळू लागलो आणि वाचत राहिलो. एका पानावर लिहिले होते: ‘दरवर्षी २०-२५, चहावाले काका.’ त्याखाली: ‘गुराखी म्हणतो, पाच-सहा.’ त्याखाली: ‘ठाणे अंमलदार: अकस्मात मृत्यूच्या नोंदी तारखेवार; धबधब्याच्या वेगळ्या नाहीत.’ आणि मग या तिन्ही ओळींवरून एक आडवी रेघ. पुढच्या पानावर ‘कलम १४४’ खोडून ‘१६३’ केले होते आणि समासात ‘नवी संहिता, १ जुलै २०२४ पासून’ अशी टीप होती. ‘जिल्हा ठाणे’ हे जुन्या कात्रणातून आलेले शब्द काटून तेथे ‘पालघर, १ ऑगस्ट २०१४ नंतर’ असे लिहिले होते. पोलीस आयुक्तालयाच्या नावापुढेही अशीच खातरजमेची खूण होती, कारण मीरा-भाईंदर, वसई-विरारचे आयुक्तालय १ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाले, आणि त्याआधीच्या बातम्या आंधळेपणाने उतरवणारा येथे हमखास घसरतो. तिची बातमी मी पुन्हा काढून वाचली. सहाव्या परिच्छेदात, ज्याच्यावरून माझी नजर सहज घसरली होती, एक वाक्य होते: या धबधब्यात किती माणसे बुडाली, याचा एकत्रित आकडा चौकशी केलेल्या ठिकाणी मिळाला नाही.

बातमी ती होती. तिने ती जेथे घालायची तेथे घातली नाही, हा तिचा दोष. पण ती तेथे आहे हे मला दिसू नये, हा परीक्षकाचा दोष त्याहून मोठा.

दुसऱ्या दिवशी वही परत देताना मी तिला विचारले, तो वीस-पंचवीसचा आकडा का गाळलास? ती म्हणाली, “सर, घातला असता तर बातमी उठून दिसली असती, हे मला ठाऊक होतं. पण काका तो आकडा सांगत होते ना, तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हते, रस्त्याकडे बघत होते.” यावर मी काही बोललो नाही. माझ्या निष्पत्तींच्या यादीत या नजरेसाठी क्रियापद नव्हते.

पुढल्या वर्षी मी फर्मान काढले की बातमीबरोबर वहीही दाखल करावी, आणि दहा गुण वहीचे. माणसाचा स्वभाव मी विसरलो होतो. वह्या आल्या त्या सुंदर खाडाखोडीने नटून! तांबड्या शाईच्या सरळ रेघा, समासात नेटक्या टिपा, आणि मुळात कोणी कधी न बोललेली, केवळ खोडण्यासाठीच लिहिलेली वाक्ये. एका विद्यार्थ्याने तर पट्टी धरून खोडले होते. ज्या गोष्टीला गुण लावावे तिचे सोंग लगेच तयार होते, हा अनुभव हजेरीपटापासून शोधनिबंधापर्यंत मी घेतलेला आहे. तरी आपल्या लाडक्या उपायाचीही तीच गत व्हावी याचे वाईट वाटले, हे कबूल करतो.

आता मी नाक्यावरच बसतो. विद्यार्थ्याने लिहिलेल्या बातमीचा मसुदा मध्ये ठेवून, एकेका ओळीवर बोट ठेवून दोनच प्रश्न विचारतो: हे तुला कोणी सांगितले, आणि त्याला ते कसे ठाऊक? पहिल्याचे उत्तर बहुतेकांपाशी असते. दुसऱ्यापाशी बरेच जण थबकतात, आणि तेथून उठून पुन्हा पाड्याकडे किंवा ठाण्याकडे चालू लागतात; जो उठतो त्याचे गुण मी मनात तेव्हाच मांडून ठेवतो. एकेकाला वीस मिनिटे लागतात, तीस जणांना दहा तास, आणि वेळापत्रकात या कामासाठी एक तासही धरलेला नाही. यातही दोष आहेत. बोलका मुलगा निसटतो, बुजरा अडकतो. एकदा एका मुलाला सगळे ठाऊक असून माझ्यासमोर शब्द फुटेना, तेव्हा त्याला कागदावर उत्तरे लिहावयास सांगावे लागले, आणि ती तुकडीत सर्वांत चोख निघाली. वालुकायंत्राप्रमाणे एकदा उलटे करून ठेवले की आपोआप मोजत राहील, असे मूल्यमापन या धंद्यात निघेल असे मला वाटत नाही.

गेल्या मे महिन्यात तक्ते भरण्याची मुदत आली. ‘प्राप्त माहितीची सत्यता पडताळणे’ या निष्पत्तीपुढे पुराव्याच्या रकान्यात मी प्रामाणिकपणे लिहिले: वही, पान अकरा, पहिल्या तीन ओळी, खोडलेल्या. चार दिवसांनी तक्ता परत आला. पुरावा टक्केवारीत द्यावा, अशी पेन्सिलीने विनंती होती, आणि ती करणाऱ्या कारकुनाचा त्यात काही अपराध नव्हता, कारण त्याच्याकडच्या रकान्यात दोनच अंक मावत होते. मी अडुसष्ट लिहिले आणि तक्ता पुन्हा रवाना केला.