आमच्या सायकलीचें माप

गेल्या सत्राच्या आरंभीं आम्ही नवी सायकल घेऊन शाळेंत आलों, तेव्हां तिच्याभोंवतीं जमून तुम्हीं आम्हांस इतके प्रश्न विचारलेत कीं त्या सर्वांचीं उत्तरें मधल्या सुट्टींत देणें अशक्य झालें. "सर, ही कोणत्या कंपनीची?" हा पहिला प्रश्न. ती कोणत्याच कंपनीची नसून एका कारागिरानें आमच्या मापानें घडविली आहे, असें सांगतांच दुसरा प्रश्न आला, "मग हिच्यावर नांव कां नाहीं?" तिसरा प्रश्न किमतीचा होता. त्याचें उत्तर आम्ही येथें देणार नाहीं. घरींहि तें आम्हीं दोन हप्त्यांत दिलें. परंतु ही सायकल घडवून घेण्याचें कारण सांगणें अवश्य आहे, आणि त्या कारणांत आमची एक चूक आहे.

आमची जुनी सायकल अॅल्युमिनियमची होती, डोंगरवाटांसाठीं बनविलेली व रुंद टायरांची. शनिवारीं सकाळीं पांचसहा विद्यार्थ्यांसह सेमिनरी हिल्सचा चढ चढून फुटाळ्याकडे उतरावें, आणि पावसाळा सरल्यावर गोरेवाड्याच्या बाजूच्या कच्च्या वाटा धराव्या, असा आमचा परिपाठ होता. एके शनिवारीं इयत्ता सातवींतील एका लहानग्यानें सीटखालच्या नळीच्या सांध्यावर बोट ठेवून म्हटलें, "सर, येथें रेघ उमटली आहे." आम्हीं वांकून न पाहतांच उत्तर दिलें, "रंगाचा ओरखडा असेल." तीन आठवड्यांनीं एका उतारावर तो सांधा तुटला. आम्ही पडलों, मागून येणारा एक मुलगा आमच्यावर पडला. त्याचे गुडघे फुटले, आमच्या गळ्याचें हाड मोडलें. सहा आठवडे उजवा हात झोळींत होता, व फळ्यावर डाव्या हातानें लिहिलेलीं आमचीं अक्षरें वाचतांना पुढच्या बाकांवरील मंडळींची जी करमणूक झाली ती आम्ही विसरलों नाहीं. त्या मुलाच्या घरीं जाऊन त्याच्या आईस आम्हीं सारी हकीगत सांगितली. रेघेची तेवढी सांगितली नाहीं. ती सांगावयास दुसऱ्यांदा जावें लागलें.

अंथरुणावर पडल्यापडल्या आम्ही धातूलाच दोष देत होतों. आमचे वडील उमरेडच्या बाजूच्या खेड्यांत शिक्षक होते. त्यांची काळी पोलादी सायकल एकदां हँडलखालच्या सांध्यांत तुटली, तेव्हां आठवडी बाजारांतील एका लोहारानें ती पितळेनें झाळून दिली, आणि पुढें वडील सेवानिवृत्त होईपर्यंत ती धांवली. मग अॅल्युमिनियमनेंच दगा कां द्यावा? ह्याचें उत्तर शोधतां शोधतां आम्हांस फ्रेमच्या विद्येची गोडी लागली.

पोलाद पाण्याच्या सुमारें 7.8 पट जड, तर अॅल्युमिनियम अवघें 2.7 पट. परंतु वांकण्यास विरोध करण्याची त्याची शक्तीहि पोलादाच्या सुमारें एकतृतीयांशच. ही उणीव भरून काढण्यासाठीं त्याच्या नळ्या जाड व्यासाच्या करतात. एकाच मापाचे दोन कागद घेऊन एकाची बारीक व दुसऱ्याची रुंद नळी करा आणि दोन टोंकांवर टेकवून मध्यें भार द्या. रुंद नळी कमी वांकते, पण बोटानें दाबली तर चटकन् चेपते. सारें रहस्य ह्यांतच आहे. दुसरी गोष्ट अशी कीं, पोलादावर येणारा ताण एका मर्यादेच्या आंत असेल, तर तें लाखों हिसके सोसूनहि थकत नाहीं. अॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाहीं. प्रत्येक लहान हिसका त्याच्या हिशेबांत जमा होत असतो. म्हणून चांगले कारखानदार त्याच्या नळ्या पुरेशा भरीव ठेवतात, व अशा सायकली वर्षानुवर्षें सुखरूप चालतात. मात्र त्यांच्यावर रेघ दिसली तर ती रेघ म्हणजे नोटीस समजावी. आम्हांस ती तीन आठवडे आधीं बजावण्यांत आली होती. तेव्हां धातूविरुद्ध आमची फिर्याद फार वेळ टिकली नाहीं.

आमची उंची 5 फूट 4 इंच. दुकानांतील सायकलींवर बसलों असतां हात तरी ताणले जात, नाहीं तर गुडघे हँडलाशीं भांडत. म्हणून ह्या खेपेस फ्रेम मापाची करवून घ्यावी असें ठरलें. साठविलेली रक्कम तीन वर्षांची होती. अभियांत्रिकी शिकणारे आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, कार्बन घ्या." कार्बनच्या धाग्यांची फ्रेम वजनानें हलकी खरी, व धागे हवे तिकडे वळवून हवी तेथें ताठ करतां येते, पण ती सांच्यांत घडते, आणि एका माणसाच्या मापाचा सांचा म्हणजे लग्नाच्या पंगतीसाठीं नवें स्वयंपाकघर बांधणें. शिवाय टोंकदार दगडाचा घाव आंत कोठवर गेला हें वरून कळत नाहीं. टायटॅनियम गंजत नाहीं, पोलादाहून बरेंच हलकें. तें आर्गॉन वायूच्या आवरणांत जोडावें लागतें. त्याची किंमत ऐकून आम्हीं तो विषय बंद केला.

मनानें ओढ घेतली ती बांबूची. विदर्भांतल्या माणसास ह्यांत आश्चर्य वाटूं नये. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलांतला आपला मानवेल बुंध्याशीं जवळजवळ भरीव असतो. 1894 सालींच इंग्लंडांत बांबूची सायकल निघाली होती, आणि आपल्याकडे पुण्याचे निवृत्त विंग कमांडर शशिशेखर पाठक ह्यांनीं बांबूच्या सायकली घडविल्या आहेत. बांबू हादरे गिळतो. पण नागपूरचा मे महिना आणि त्याच्या पाठोपाठचा आषाढ! बांबूची सायकल कौतुकानें छायेंत ठेवणाऱ्याच्या घरीं शोभेल. आमची दिवसभर शाळेच्या पत्र्याखालीं उभी राहते. नाइलाजानें तिला निरोप दिला.

उरलें पोलाद. वडिलांच्या सायकलीचें साधें पोलाद नव्हे, तर क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेलें. अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील तरुण 1970 च्या दशकांत जुन्या अवजड सायकली घेऊन टॅमल्पाइस डोंगरावरून उतरत असत. 1977 सालीं त्यांच्यांतील जो ब्रीझ ह्यांनीं डोंगरासाठींच म्हणून जी नवी फ्रेम घडविली तीहि ह्याच जातीच्या पोलादाची होती. ह्याच्या नळ्या टोंकांशीं जाड व मध्यें पातळ ओढतां येतात; सांध्यापाशीं बळ, इतरत्र हलकेपणा. ही युक्ति इंग्लंडांतील रेनॉल्ड्स ह्यांच्या 1897 च्या पेटंटाइतकी जुनी आहे. आणि ती तुटलीच, तर आमच्या गांवांत जोडणारा मिळेल.

कारागिरास आम्हीं पत्र लिहिलें. त्याचें उत्तर आलें त्यांत धातूविषयीं एक अक्षर नव्हतें. त्यानें विचारलें होतें: वय काय, वजन काय, पाठ दुखते काय, कोठें चालवितां, आठवड्यांत किती मैल, मागची सायकल कशानें मोडली?

येथें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. नागपूरचे डॉ. अमित समर्थ ह्यांनीं 2017 सालीं अमेरिका आडवी ओलांडण्याची शर्यत एकट्यानें पुरी केली, व 2018 सालीं रशियांतील सुमारें 9,100 किलोमीटरची. तेव्हांपासून आमच्यासारख्या चाळिशी उलटलेल्या कित्येकांच्या अंगांत वारें शिरलें आहे. आम्हीं उत्तर लिहिलें कीं आम्ही खड्या डोंगरउतारांवर वेगानें जातों, पाठ ठीक आहे, आणि मागची सायकल धातूच्या दोषानें मोडली. पाकीट बंद करण्यापूर्वीं तें पत्र घरांत वाचून दाखविलें. सौभाग्यवती भाजी निवडीत होत्या. त्या मान वर न करतां म्हणाल्या, "हे कोण गृहस्थ?"

दुसरें पत्र असें गेलें: वय 46. पाठ सकाळीं ताठ असते. रोज शाळेंत जाऊन येऊन चौदा किलोमीटर, त्यांत खड्डे पुष्कळ व डोंगर शून्य. शनिवारीं टेकड्या, मुरूम व बाभळीचे कांटे. पावसाळ्यांत काळी माती चाकाला लाडवासारखी चिकटते. मागची सायकल मोडण्यापूर्वीं इशारा मिळाला होता, तो आम्हीं ऐकला नाहीं. मग भिंतीस पाठ लावून, जाड पुस्तक दोन्ही पायांत वर दाबून धरून चिरंजीवांनीं आमच्या पायांचें माप घेतलें, हातांचें घेतलें, खांद्यांचें घेतलें. खोटें माप देण्याची सोय तेथें नव्हती.

ह्या पत्रावरून जी फ्रेम आली तिच्यांत आमचें सारें खरें उतरलें आहे. हँडल उंच आहे, कारण पाठ ताठ आहे. पुढच्या चाकाचा फाटा शर्यतीच्या सायकलींइतका पुढें झुकलेला नाहीं, कारण आमचे उतार तसे नाहींत. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंस बोटभर जास्त जागा आहे, ती काळ्या मातीसाठीं. दप्तर लावण्यास दोन आंटे आहेत. पहिल्या पत्रावरून घडली असती तर आमच्या नांवाच्या एखाद्या परक्या गृहस्थास ती उत्तम बसली असती.

पोलादाचा एकच शत्रु, गंज, आणि तो नळीच्या आंतून येतो. त्यावर जुना उपाय उकळलेल्या जवसाच्या तेलाचा. तें सुकलें कीं आंत पातळ पापुद्रा धरतें. जवस तर आपल्या शेतांतलेंच. तें ओतण्याच्या दिवशीं आम्हीं त्या रेघ दाखविणाऱ्या मुलास, तो आतां नववींत आहे, मुद्दाम घरीं बोलाविलें आणि बॅटरी हातांत देऊन म्हटलें, "प्रत्येक सांधा पाहा."

त्यानें अर्धा तास घेतला. शेवटीं पेडलांच्या वरच्या भागाखालीं बोट ठेवून तो संकोचानें म्हणाला, "सर, येथें एक भोंक आहे." आम्ही ह्या वेळीं गुडघे टेकून वांकलों व पाहिलें. तें भोंक आंत गेलेलें पाणी निथळून जावें म्हणून ठेवलेलें होतें. तसें त्यास सांगितलें. त्यानें काडी घालून तें मोकळें असल्याची खात्री केली, आणि मग आम्हीं दोघांनीं तेल ओतून फ्रेम हळूहळू उलटी केली.