होकार कुणाचा?

तुळशीचं लग्न लागलं की जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात गावोगावी सोयरिकींची बोलणी सुरू होतात. मोबाइलवर फिरणाऱ्या बायोडाट्यात उंची, रंग, मामाचं कुळ, शेती किती एकर, सगळं असतं. मुलीचं स्वतःचं मत मात्र क्वचितच दिसतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जालना जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे ३५ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्यात हेच प्रमाण सुमारे २२ टक्के होतं. अशा कोवळ्या वयातल्या होकाराला मी होकार मानत नाही.

थोरले म्हणतात, अनुभव आमचा, अडीअडचणीला घरच धावून येतं. ते मला मान्य आहे. म्हणून त्यांनी स्थळ जरूर शोधावं, चौकशी करावी. पण शेवटचा शब्द तिचाच हवा. मुली शेतकरी मुलगा नाकारतात, अशीही तक्रार असते. पण मुळात मुलीच कमी आहेत: राज्यात २०११च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८९४च मुली होत्या. ज्या समाजाने मुली जन्मूच दिल्या नाहीत, त्याने उरलेल्यांच्या नकाराला नावं ठेवू नयेत. सुपारी फुटण्याआधी तिला एकटीला विचारावं, आणि ती 'नाही' म्हणाली तर बोलणी तिथेच थांबवावीत.