कपडे न घातलेली गाडी

रविवार, सकाळचे साडेसहा, पनवेलचा पळस्पे फाटा आणि पहिला कटिंग! सोमवारी संध्याकाळी गाडी बघायला गिऱ्हाईक येणार होतं. मार्चमध्ये घरात पाळणा हलणार, त्यामुळे बायकोचं म्हणणं एकच, आता चार चाकं. म्हणजे आमची ही शेवटची राइड. पेण, रोहा आणि परत.

गाडी म्हणजे केटीएम 390 ड्यूक, 2017 चं मॉडेल. कुळ ऑस्ट्रियाचं, जन्म आपल्या चाकणचा! अशा बाइकला 'नेकेड' म्हणतात. अंगावर फेअरिंगचं जॅकेट नाही. नारिंगी नळ्यांची ट्रेलिस फ्रेम, तिच्यात बसवलेलं 373 सीसीचं इंजिन, सगळा मामला उघड्यावर. मधोमध चिरलेला एलईडी हेडलॅम्प तर थेट नाकतोड्याचं तोंड. काहीजण नाकं मुरडतात. मला जाम आवडतो.

कर्नाळ्याचा सुळका मागे टाकून, खारपाड्याचा पूल ओलांडून पेणला पोचलो. जानेवारीतही इथे गणपतीच! एका कारखान्यात फळ्यांवर रंग न लागलेले बाप्पा ओळीने बसलेले. सोंडेवर पॉलिश पेपर फिरवणारे काका उठून बाहेर आले आणि त्यांनी गाडीभोवती सावकाश एक चक्कर मारली.

"हिला कपडे नाय घातले?"

"नाही काका, ही अशीच असते."

"मग कारागिराला लपवायला जागाच नाय." आणि त्यांचं बोट बरोब्बर रेडिएटरच्या कव्हरवरच्या ओरखड्यावर. "इथं पडला होतास ना?"

पडलो होतो. गेल्या पावसाळ्यात, नको तेवढ्या स्पीडला. घरी मात्र 'पार्किंगमध्ये कोणीतरी पाडली' असं ठोकून दिलं होतं. काकांना काय सांगणार? हसलो आणि सटकलो.

वडखळ नाक्यापासून हायवेची ती जुनी रडकथा. चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झालं, पुढचं तुम्हाला माहीतच आहे. नागोठण्याला मात्र हायवे सोडा आणि भिसे खिंडीतून रोह्याकडे वळा. खरी गंमत इथे! तीन हजार आरपीएमच्या खाली हे सिंगल सिलिंडर इंजिन कुरकुरतं, गिअर खाली टाका म्हणतं. सात हजारांवर पूर्ण 37 न्यूटन मीटर टॉर्क हाती येतो, नऊ हजारांवर 43 बीएचपी. खिंडीत एवढं सगळं लागतच नाही. रुंद हँडल नुसतं दाबायचं, गाडी वळणात झुकते. समोर काच नाही, त्यामुळे वारा थेट छातीवर. साठचा स्पीडही नव्वदचा वाटतो. त्या एका वळणावर, उगाच, मी पन्नासवर आलो.

रोहा म्हणजे चिंतामणराव देशमुखांचं गाव. कोकण रेल्वे सुरू होते तीही इथूनच. कुंडलिकेच्या काठी गाडी स्टँडवर लावली, इंजिन टिकटिक करत थंड होत होतं. तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन.

"दादा, गाडी कधी पडलीबिडलीय का?"

नाही म्हणणं सोप्पं होतं. कव्हर बदललं असतं तर त्याला कळलंही नसतं.

"एकदा. उजव्या बाजूला. चूक माझीच."

पलीकडे शांतता. मग, "दोन हजार कमी करा. उद्या सहाला येतो."

आता राहिलं घरी सांगणं. पेट्रोलचा काटा बघितला, हेल्मेट चढवलं आणि परतीलाही खिंडीचाच रस्ता धरला.