गाडीचो टप खंय गेलो गो?

सिनेमात टप उघड्या गाडीतल्या हिरॉइनचे केस झक्कपैकी मागे उडतात. साफ खोटं! खऱ्या आयुष्यात ते पुढे येतात. समोरच्या काचेवरून वर चढलेली हवा सीटच्या मागे खाली उतरते आणि तिथून उलटी फिरून तुमच्या मानेवर आपटते. ऐंशीच्या स्पीडला आपलेच केस आपल्या तोंडात! पर्वरीहून निघून म्हापसा यायच्या आत मला हा फंडा कळला. मग काय, डिकीतून अस्सल पुणेरी स्कार्फ काढला. स्कूटीवर बांधतात तसा, डोळे सोडून सगळं झाकणारा. दोन सीटची स्पोर्ट्स कार आणि आत डाकू. ग्लॅमर गेलं खड्ड्यात.

गाडीचं नाव सॅन स्टॉर्म. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलंही नसेल. गोव्यातच तयार झालेली, फायबरग्लासच्या बॉडीची ही टू सीटर. आता बनत नाही. इंजिन रेनोचं, ११४९ सीसी, साधारण ६० अश्वशक्ती. म्हणजे ताकदीच्या बाबतीत तुमच्या कलीगची साधी हॅचबॅकसुद्धा हिच्यापुढे जाईल, आणि जातेच. स्पोर्ट्स कार म्हणायचं ते दिसण्यावरून आणि बसण्यावरून. बॉडीला गंज लागत नाही, ही समुद्राकाठी वीस वर्षं काढलेल्या गाडीसाठी फार मोठी गोष्ट. माझी २००४ची. २०१९ मध्ये पंधरा वर्षं भरली तेव्हा आधीच्या मालकांनी रजिस्ट्रेशन पाच वर्षांनी वाढवून घेतलं, २०२४ मध्ये पुन्हा. त्यामुळे २०२९ पर्यंत कागदोपत्री ती तरुण आहे. आता गोव्याची एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स, नवा नंबर असं सगळं रामायण बाकी आहे. ते सोडा. पेट्रोलचे रबरी पाइप मात्र निघण्याआधी बदलून घेतले. हल्लीच्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असतं आणि २००४ च्या रबराला ते माहीतच नाही. किंमत विचारू नका. घरी सांगितलेला आकडा वेगळा आहे.

पर्वरीत गाडी बाहेर काढताना शेजारच्या आज्जी गेटपाशी उभ्या होत्या. टप गुंडाळून मागे ठेवलेला बघून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पावस आयल्यार?"

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, आकाशात ढगाचा टिपूस नाही. तेव्हा मी हसले. हा प्रश्न पुढचे साडेचारशे किलोमीटर आपल्याबरोबर येणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

पत्रादेवीचा नाका ओलांडला, बांदा गेलं, सावंतवाडीचा मोती तलाव आला. तलावाकाठी गाडी हळू केली तर वास आला. आधी तलावाच्या पाण्याचा, मग कुठल्याशा घरातून फोडणीचा, मग सुकत घातलेल्या मासळीचा. हा रस्ता मी बसने, मित्रांच्या गाडीने निदान दहा वेळा केलाय. काचा बंद, एसी चालू, मोबाइलवर गाणी. तेव्हा सावंतवाडीला वास असतो हे कळलंच नव्हतं! दाणोलीपर्यंत काजूच्या बागा लागतात. या दिवसांत मोहर आणि फळं दोन्ही एकाच वेळी झाडावर असतात. मोहराचा वास गोडसर, आणि कुठेतरी खाली पडून आंबायला लागलेल्या बोंडांचा उग्र. दोन्ही एकदम अंगावर येतात.

टप काढला की उंचीचाही हिशोब बदलतो. आपण इतके खाली बसलेलो असतो की शेजारून ट्रक गेला तर त्याच्या चाकाचे नट डोळ्यांसमोर फिरतात. ड्रायव्हर दिसत नाही, एक्सल दिसतो. धूर थेट नाकात. आणि डोक्याच्या वर मात्र काहीच नाही. आंबोली घाट चढायला लागल्यावर पहिल्यांदा झाडं वर बघून पाहिली. म्हणजे गाडी चालवता चालवता पानांची खालची बाजू दिसते. वळणावळणावर ऊन-सावली चेहऱ्यावरून सरकते आणि सावलीत शिरलं की हवा दोन-तीन डिग्रीने थंड लागते. ६० अश्वशक्तीला घाटात तिसरा गिअर सोडवत नाही, पण खरं सांगू? घाई करावीशीच वाटत नव्हती. आंबोली समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास. प्रत्येक शंभर मीटरला वास बदलत होता.

धबधब्याजवळ चहाला थांबले. पावसाळ्यात इथे गर्दीने चेंगराचेंगरी असते, फेब्रुवारीत नुसता ओला कातळ. टपरीवरच्या मावशींनी गाडी नीट न्याहाळली.

"गाडीचो टप खंय गेलो गो?"

"काढून ठेवलाय, मावशी."

"आणि माकडां इली तर?"

इलीच होती. एक धष्टपुष्ट माकड शेजारच्या सीटवर बसून माझे केळ्याचे वेफर्स खात होतं. अगदी आरामात, पाय सोडून! मावशींनी चिमटा आपटला तेव्हा ते उठलं, पण पुडा घेऊन गेलं.

आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरला हायवेला लागले. मधला तुकडा कर्नाटकाचा. पंपावरच्या मुलाने टायरची हवा बघता बघता विचारलं, "मळे बंद्रे?" कानडी मला येत नाही, पण त्याने बोट आभाळाकडे केलं आणि डोक्यावर तळहात धरला. कळलं. पाऊस आला तर?

कागलच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकले. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, पाचट उडून माझ्या मांडीवर. गुऱ्हाळांचा हंगाम अजून सुरू होता, त्यामुळे मध्येच उकळत्या रसाचा दाट गोड वास. सिग्नलला ट्रॅक्टरवाला वळला. वरून तो आणि खाली मी, मध्ये काच नाही, त्यामुळे गप्पा आपोआप सुरू.

"आवं ताई, टप कुठं सोडून आलासा?"

"घाटात उडाला!"

तो खो खो हसला आणि ट्रॉलीतून दोन लांबलचक ऊस ओढून माझ्या शेजारच्या सीटवर उभे करून दिले. सीट बेल्ट लावून त्यांना घट्ट बसवलं. उघड्या गाडीचा हा एक फायदा कुठल्याच ब्रोशरमध्ये लिहिलेला नसतो.

पण तोटाही तोच आहे. कोल्हापूर सोडल्यावर एक बाइक बरोबरीने आली. दोघं जण. मागचा मोबाइल धरून शूटिंग करत होता. आधी गाडीचं, मग माझं. मी स्पीड कमी केला, त्यांनी केला. मी वाढवला, त्यांनी वाढवला. काहीतरी बोलत होते, वाऱ्यात ऐकू येत नव्हतं. बंद गाडीत आपण काय करतो? समोर बघतो, दारं लॉक आहेत ना ते चाचपतो, गाण्याचा आवाज वाढवतो. काच आपलं काम करते. इथे दाराच्या वर माझा खांदा होता आणि खांद्यापासून हातभर अंतरावर त्यांचं हँडल. लॉक करायला काही नाही. वीस मिनिटं. स्कार्फ होता म्हणून चेहरा तरी दिसला नसेल. कन्व्हर्टिबल विकत घेताना सगळे मायलेज विचारतात, पार्ट मिळतात का विचारतात. हे एकट्या मुलीला कोण सांगतं?

पेठ नाक्याजवळ गजबजलेल्या ढाब्यात गाडी घातली. बाइक पुढे निघून गेली. टप ओढून लावला. कॅनव्हासचा आहे, आधीच्या मालकांनी म्हापशात शिवून घेतलेला. दोन खिट्ट्या आणि ओळीने टिचबटणं. एकटीने लावायला सहा मिनिटं लागली, नखही तुटलं. ऊस आत मावेनात म्हणून तिरके केले. मग कराडपर्यंत त्या तापलेल्या तंबूत घामाघूम होत, दात-ओठ खात गाडी चालवली. बाहेर काय दिसलं? काही आठवत नाही. वास? फक्त कॅनव्हासचा.

उंब्रजच्या पुढे सहापदरीकरणाचं डायव्हर्जन आणि त्यात ट्रॅफिक जॅम. सगळं ठप्प. चार वाजत आले होते, ऊन कलतं झालं होतं. इंजिन बंद केलं. आजूबाजूला बघितलं, उतरले आणि टप पुन्हा काढला. का, ते नीटसं सांगता येणार नाही. राग आला होता आणि तो राग त्या दोघांवरच काढायचा होता, गाडीवर नाही.

शेजारी लाल एसटी उभी होती. तिची खिडकी बरोबर माझ्या डोक्यावर. चार-पाच बायका ओळीने खाली बघत होत्या. एका आज्जींनी विचारलं, "एकलीच हायस?" म्हटलं, हो. "कुठनं?" गोव्याहून. "आन् पुण्याला? एकलीच?" त्यांनी मागच्या सीटवरच्या बाईला ही बातमी दिली, तिने पुढच्या. मग खिडकीतून एक संत्रं खाली आलं. मी झेललं. "डोकं झाक पोरी, कलतं ऊन वाईट," आज्जी म्हणाल्या. मी एक ऊस वर दिला. कंडक्टरने हाताने मोडून अख्ख्या बसमध्ये वाटला. पाऊण तास जॅम होता. त्या पाऊण तासात मला तीन स्थळं सुचवण्यात आली, त्यातला एक कराडात डेंटिस्ट आहे.

एक आवाज मात्र सांगायलाच हवा. खंबाटकीचा बोगदा. साताऱ्याहून पुण्याकडे येताना आपण बोगद्यातून येतो. बंद गाडीत बोगदा म्हणजे नुसते दिवे. उघड्या गाडीत तो कानात शिरतो. मागचा ट्रक, पुढची बस, आपलं ११४९ सीसीचं इंजिन, सगळ्यांचे आवाज भिंतींवरून परत येऊन डोक्यावर कोसळतात. धुराने घसा धरला, पण मी एक छोटासा हॉर्न वाजवलाच.

पुण्यात शिरेपर्यंत अंधार पडला होता. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरच्या काकांनी गाडीकडे बघितलं, उसाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आता तोच प्रश्न येणार म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. काका म्हणाले, "इंडिकेटर चालू राहिलाय तुमचा," आणि हिरवा लागताच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी नाना पेठेत सीट कव्हरवाल्याकडे गेले. टपाच्या मागच्या शिवणीतून उजेड दिसतोय, ती जूनच्या आत नीट करायची आहे. त्याने कॅनव्हास बोटांत धरून चोळला, उजेडाकडे धरला, दोन्ही शिवणी मोजल्या. कापडाचं पाणी थांबेल, पण टिचबटणांच्या भोकांची गॅरंटी देत नाही म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, "ताई, पाऊस आला तर छत्री ठेवा गाडीत."

ठेवली आहे.