निरामिष आमिष

‘आमिष’ हा शब्द आपण आज बहुधा प्रलोभन या अर्थाने वापरतो. नोकरीचे आमिष, पैशाचे आमिष असे सहज लिहून जातो. संस्कृतात मांस हा त्याचा मूळ अर्थ आहे. ‘सामिष’ आणि ‘निरामिष’ या शब्दांत तो अजून शाबूत आहे. गळाला मांसाचा तुकडा लावून मासा भुलवायचा, तेव्हा भुलवणारी ती वस्तूही आमिषच झाली. अर्थविस्ताराचे हे उदाहरण मी वर्गात अनेक वर्षे देत आले आहे. आमिष निरामिषही असू शकते, हे मात्र मी पाहिले ते अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, थोरल्या बहिणीच्या घराजवळच्या एका लहान तळ्यावर.

ते होते बोटाच्या दोन पेरांएवढे, मऊ प्लॅस्टिकचे गांडूळ. १९४९ मध्ये याच राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरी निक क्रीम यांनी अशी गांडुळे तयार केली आणि पुढे ती सर्वत्र पसरली. त्या तळ्यात लार्जमाऊथ बॅस नावाचा हिरवट, रुंद जबड्याचा मासा राहतो. तो एकदम तोंड उघडतो आणि भक्ष्य पाण्यासकट आत ओढून घेतो. आत आलेली वस्तू कठीण लागली तर ती चटकन थुंकून टाकतो. मऊ लागली तर थोडा वेळ धरून ठेवतो. गळ टाकणाऱ्याच्या वाट्याला तेवढाच अवधी येतो.

माझ्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, या खेळातले जुने जाणकार. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात अशक्त झाला आणि वाचाघाताने शब्द हिरावले. समोरच्याचे बोलणे त्यांना कळते; स्वतःचा शब्द मात्र ओठांपर्यंत येऊन परत फिरतो. जड काठ्या त्यांनी देऊन टाकल्या आणि सर्वांत हलके साहित्य तेवढे ठेवले: जेमतेम शंभर ग्रॅमची काठी, दोन किलोचा ताण सोसणारा तंगूस, दीड-दोन ग्रॅमचे शिसे. हे डाव्या हातालाही पेलते. शिसे हलके म्हणून गांडूळ सावकाश बुडते, आणि मासा बहुतेक वेळा ते बुडत असतानाच घेतो.

पहिले काही दिवस मला पाणवनस्पतीची ओढ आणि माशाची ओढ सारखीच वाटे. दाजींनी एका संध्याकाळी माझी तर्जनी धरून तंगुसावर ठेवली. वनस्पतीत गांडूळ अडकले की ताण एकसारखा वाढत जातो. मासा घेतो तेव्हा बोटाला बारीकशी टिचकी लागते आणि दोरा वीतभर बाजूला सरकतो. दोन्ही वेळा त्यांनी माझ्याकडे पाहिले. एकदा मान हलवली, एकदा डोळे मोठे केले. भाषाविज्ञानात आपण ज्याला अर्थभेदक फरक म्हणतो, तो मी त्या दिवशी बोटाने शिकले, तेही ज्यांच्याजवळ शब्द नव्हते त्यांच्याकडून.

मासा हाती आला की दाजी आधी हात ओला करत, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा संरक्षक थर निघून जातो. ते अंगठ्याने त्याचा खालचा ओठ धरत आणि गळ मी काढायचा. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केलेला असल्यामुळे तो सहज निघे. नाजूक तंगुसावर मासा ओढायला वेळ लागतो आणि तो दमतो. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. दमलेला मासा सोडला तरी सावरेलच असे नाही. म्हणून उन्हाळ्याच्या दुपारी काठी घरातच राहायची. फसवणूक करायचीच, तर तिची मर्यादा आपण सांभाळायची, असा त्यांचा दंडक होता.

मासा पाण्यात परतला की दाजी म्हणत, “बास.” हे माशाचे नाव, की ‘पुरे’? ‘बॅस’ आणि ‘बास’ यांत केवळ एका स्वराचा भेद आहे, आणि वाचाघातात असे स्वर निसटतात. मी दोन्ही शक्यता मनात ठेवून त्यांच्या हाताकडे पाही. हात रिळाकडे गेला तर मासा. काठी खाली ठेवली तर पुरे.

नावाचे ओझे त्या माशालाही आहेच. बॅस म्हणतात खरे, पण त्याचे कुळ सनफिशचे. ‘मायक्रोप्टेरस’ या त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थ ‘लहान पराचा’. १८०२ मध्ये लासेपेद या फ्रेंच अभ्यासकाने हे नाव दिले, तेव्हा त्याच्यासमोरच्या नमुन्याचा पाठीवरचा पर फाटलेला होता आणि मागचा तुकडा वेगळा, छोटा पर असल्यासारखा दिसत होता. एका जखमी माशावरून पडलेले नाव साऱ्या धडधाकट भाऊबंदांना चिकटले. ते आज बदललेले नाही, आणि त्यावाचून कोणाचे अडलेलेही नाही.

पुढच्या घटकात तुम्ही स्वनिमाची व्याख्या वाचाल. ती पाठ करण्यापूर्वी तुमच्या गावातल्या एखाद्या कोळ्याकडे, विणकराकडे किंवा सुइणीकडे जाऊन बसा. त्यांच्या बोटांना दोन सारख्या वाटणाऱ्या गोष्टींतला फरक कसा कळतो, ते विचारा. सांगताना ते अडखळतील, शब्द शोधतील. तेव्हा त्यांचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. हातांकडे पाहत थांबा.