अनेकार्थी पिना

मराठीच्या तासाला अनेकार्थी शब्द शिकवताना माझं पहिलं उदाहरण ठरलेलं असे : 'कर'. कर म्हणजे हात, कर म्हणजे सरकारी सारा, कर म्हणजे किरण, आणि 'अभ्यास कर' मधलं क्रियापद तर आहेच. अर्थ ठरवतात शेजारचे शब्द. सुटा शब्द बिचारा गप्प असतो.

माझा नातू पुण्यात लहान यंत्रांसाठी लिनक्सचे ड्रायव्हर लिहितो. (ड्रायव्हर म्हणजे एस.टी.चा नव्हे हो! यंत्र आणि लिनक्स यांच्यामधला दुभाष्या.) दिवाळीत तो बीडला आला तेव्हा त्याचा कॅमेरा चित्रच देत नव्हता. मी कुतूहलाने विचारत गेलो, तो सांगत गेला.

त्याच्याकडे 2010 सालचा बीगलबोर्ड-एक्सएम हा जुना बोर्ड होता. त्यातल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपच्या एकेका पिनला आठपर्यंत अर्थ असू शकतात, 0 ते 7. कॅमेऱ्याच्या पिनेला 0 दिला तर ती कॅमेऱ्याची, 4 दिला तर साधी चालू-बंद करायची. म्हणजे 'कर'च की! शेजारचे शब्द इथे नोंदवहीतल्या तीन बिटांत लिहायचे.

साध्या टीव्हीच्या दर्जाचं चित्र आठ तारांवरून येतं आणि नववी तार ताल देते, सेकंदाला 2 कोटी 70 लाख ठोके. नातवाने अर्थ बरोबर दिला होता, तारा जागेवर होत्या, कॅमेरा ठोके देत होता. तरी ड्रायव्हर वाट पाहून थकून परत येई.

"आजोबा, पिनला कॅमेऱ्याची म्हटलं, पण आत घे असं सांगितलंच नव्हतं."

त्यासाठी वेगळा बिट असतो, आठव्या क्रमांकाचा. किंमत 256. तो लावल्याबरोबर चित्र आलं.

मला हजेरीपट आठवला. दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबं कोयता घेऊन निघतात. पटावर मुलाचं नाव असतं, बाक असतो, फळा असतो, गुरुजीही असतात. सगळं जोडलेलं, आणि मूल कुठल्यातरी कारखान्याच्या फडावर धाकट्याला सांभाळत बसलेलं. अशा मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. तो आमचा 256.

पण पिनेचं एक बरं असतं मंडळी. ती पाच महिन्यांनी चालू केली तरी पहिल्या ठोक्यापासून चोख काम करते. तिसरीतलं मूल पाडव्याच्या सुमारास परत येतं तेव्हा जोडाक्षरं फडावरच राहिलेली असतात, आणि पाठोपाठ वार्षिक परीक्षा. म्हणून वसतिगृहाचं जे काही व्हायचं ते गाड्या भरण्याआधी व्हायला हवं. नोव्हेंबर उलटून गेल्यावर आलेल्या मंजुरीने पटावरचा आकडा जुळतो, मुलाची जोडाक्षरं काही परत येत नाहीत.