उंबरठा काढू नका, खाली बसवा

हैदराबादला काचीगुड्याच्या एका गल्लीत आमच्या सासूबाईंचे घर आहे. त्यांना मी 'अत्ते' म्हणते. माझे माहेर मराठी, सासर कन्नड. त्यामुळे हाक कन्नडमध्ये आणि वाद मराठीत, असा आमच्या घरचा रिवाज. त्या भागाला हे नवे नाही. 1956 साली जुन्या हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले. मराठवाडा एकीकडे गेला, बिदर, कलबुर्गी, रायचूर दुसरीकडे. पण दोन्हीकडून आलेली पुष्कळ कुटुंबे हैदराबादेतच राहिली. विवेक वर्धिनीत शिकणारी मराठी मुले आणि नृपतुंग शाळेतली कन्नड मुले तिथे एकाच गल्लीत खेळून मोठी झाली.

अत्ते 79 वर्षांच्या आहेत. सासरे गेल्यापासून एकट्याच राहतात. दिवसा कामाला बाई असते. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि हाती वॉकर आला. धाकट्या दिरांचा फ्लॅट गच्चीबावलीला, बाराव्या मजल्यावर. "आई, आता आमच्याकडेच ये. लिफ्ट आहे, चोवीस तास वॉचमन आहे," असा त्यांचा आग्रह. त्यात मायाच होती. अत्तेंनी एकच विचारले, "लिफ्टनं खाली उतरून जायचं कुणाकडे?"

काचीगुड्यात देऊळ, भाजीवाली, औषधाचे दुकान आणि दोन मैत्रिणी, सारे चारशे पावलांत आहे. ती चारशे पावले टिकली तर अत्ते टिकतील, असे आम्हा दोघांना वाटले. मग बिदरहून दर शनिवार-रविवारी हेलपाटे घालून आम्ही ते साठ वर्षांचे घर त्यांच्या वयाला सोयीचे करायला घेतले. अत्तेंची अट होती, "मनी दवाखानी माडब्याड्री." घराचा दवाखाना करू नका!

सुरुवात न्हाणीघरापासून केली, कारण वयस्क माणसाला पडण्याचा धोका तिथे मोठा. आधीच्या डागडुजीत बसवलेल्या गुळगुळीत टाइल्स काढल्या आणि खरखरीत शहाबादी फरशी घातली. शहाबाद कलबुर्गी जिल्ह्यात, तांडूर तेलंगणात. पण चुनखडीचा दगड दोन्हीकडे जवळपास सारखाच. पॉलिश केले नाही तर ओला झाल्यावरही पायाला धरून ठेवतो. उरलेल्या घरातही हीच फरशी असल्याने न्हाणीघर वेगळे, आजाऱ्याचे वाटत नाही. कमोडची बैठक अठरा इंचांवर घेतली. दार बाहेर उघडणारे केले. आत कुणी पडले तर आतल्या बाजूला उघडणारे दार त्या माणसालाच अडते. कडीही बाहेरून उघडता येईल अशी लावली.

आधाराच्या दांड्या कुठे लावायच्या, ते भिंतींनीच सांगितले. पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या भिंतीवर ठरावीक उंचीला हाताचे तेलकट डाग होते. अत्ते कुठे टेकतात, कुठे वळताना थांबतात, ते त्या डागांत दिसत होते. त्याच उंचीवर सागवानी कठडा धरला. मुठीत मावेल एवढा गोल आणि भिंतीपासून दोन इंच सुटा. गवंड्याने ठोकून पाहिले आणि म्हणाला, "चूने की दीवार है अम्मा, ये स्क्रू नक्को." मग आरपार बोल्ट घालून मागे लोखंडी पट्टी दिली. जुन्या घरांत हे लक्षात ठेवावे. टॉवेलची दांडी हा आधार नव्हे. भार पडला की ती हातात येते.

वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होत जाते, भिंग पिवळसर पडते आणि आत जाणारा उजेड कमी होतो. एकाच रंगाच्या पायऱ्यांच्या कडा मग दिसत नाहीत. इथे मला आमच्या बिदरी कामाची आठवण झाली. काळ्या धातूवर चांदीची रेघ उठून दिसते, तसेच उलट केले: फिकट शहाबादी पायऱ्यांच्या काठाला काळ्या कडप्प्याची पट्टी बसवली. शेजारणी म्हणतात, छान नक्षी केलीत. अत्तेंना ती कड अंधारतानाही दिसते. रात्री न्हाणीघराच्या वाटेवर घोट्याएवढ्या उंचीचे मंद दिवे लागतात.

सगळे मात्र साधले नाही. ओट्यापासून गल्लीपर्यंत पाच पायऱ्या, उंची तीस इंच. सरकारच्या 2021 च्या सुगम्यतेच्या मानकांत उताराचे प्रमाण बारास एक आहे; म्हणजे आम्हाला तीस फूट लांब उतार हवा होता. अंगण अठरा फुटांचे. शेवटी पाचाच्या सात पायऱ्या केल्या, प्रत्येकीची उंची सव्वाचार इंचांवर आली आणि दोन्ही बाजूंना कठडा लावला. उद्या चाकांची खुर्ची लागली तर हा प्रश्न पुन्हा समोर येणार, हे आम्हाला आणि अत्तेंनाही माहीत आहे.

खरा वाद झाला उंबरठ्यावर. आतल्या खोल्यांचे उंबरठे विनातक्रार निघाले. पण मुख्य दाराचा होस्तिल! रोज सकाळी हळद-कुंकू, शेजारी रांगोळी. सून म्हणून मी माप ओलांडले ते तिथेच. सुतार म्हणे काढा, दीर म्हणे काढा, कारण वॉकर अडतो तो नेमका इथे. अत्ते दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "काढू नका, खाली बसवा. माझी पाठ वाकली, त्यालाही थोडं वाकू दे." मग तेच लाकूड फरशीत खोल उतरवले. वर राहिले अर्धा इंच, दोन्ही कडा तासून उतरत्या केल्या. वॉकर अलगद जातो. अत्ते स्टुलावर बसून लांब दांड्याच्या पळीने त्यावर हळद-कुंकू वाहतात.

यावरून मला एवढे समजले, की वडीलधाऱ्यांचे घर सोयीचे करताना मोजपट्टीच्या आधी त्यांना विचारावे. माप आपण शोधून काढू शकतो. काय राहिलेच पाहिजे, हे तेच सांगू शकतात. आणि ऑपरेशनची वाट पाहू नये. धड चालता येते तेव्हाच नव्या वाटेची सवय पायांना लागते. येत्या सणाला आईवडिलांकडे किंवा सासरी जाल, तेव्हा जेवण झाल्यावर एकदा त्यांच्या घरातल्या भिंती पाहा. हाताचे डाग कुठे पडलेत ते पाहा आणि रंगवून टाकण्याआधी तिथे एक कठडा लावा.